परत न घ्यायचे पैसे

करिश्मा नरोटेवर जे कर्ज होते त्याला व्याज नव्हते, हप्ता नव्हता, तारण नव्हते आणि ते फेडण्याची सोयही नव्हती. कर्ज हा शब्दसुद्धा गावात कोणी वापरत नसे. ग्रामसभेने पोरीला शिकवले, एवढेच सगळे म्हणत.

चामोर्शीहून घोटच्या पुढे जंगलात शिरणाऱ्या रस्त्यावर येरमटोला हे तिचे गाव. भोवतालच्या जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाल्यापासून बांबू आणि तेंदूपत्ता ग्रामसभाच विकते. मजुरी वाटून जे उरते ते ग्रामसभेच्या खात्यात राहते आणि ते कशावर खर्च करायचे हे सभा एकमताने ठरवते. तिथे हात वर करून मोजणी होत नाही. गोलात बसलेल्यांपैकी एकानेही 'नाही' म्हटले की विषय थांबतो. तो माणूस समजेपर्यंत, नाहीतर बाकीचे थकेपर्यंत थांबतो आणि नवे काही ठरत नाही तोवर जुने ठरलेलेच चालू राहते. 'नाही' म्हणण्यासाठी मात्र गोलात बसावे लागते. परगावी गेलेल्याचे मत कोणी विचारात घेत नाही. वय अठरा पूर्ण नसेल तर गोलाच्या बाहेर उभे राहून ऐकायचे.

सहा वर्षांपूर्वी करिश्मा अशीच बाहेर उभी होती. नागपूरच्या एका खाजगी नर्सिंग कॉलेजात तिला जागा मिळाली होती. शिष्यवृत्ती मंजूर होणार होती, पण ती केव्हा येईल हे कोणी सांगत नव्हते. कॉलेजचे म्हणणे असे की, तोवर फी पालकांनी भरावी, शिष्यवृत्ती जमा झाली की परत मिळेल. वसतिगृह, खानावळ, गणवेश, दवाखान्यातल्या प्रात्यक्षिकांचे वेगळे शुल्क, यांतले काहीच शिष्यवृत्तीत बसत नव्हते. वडील सुकलू बँकेत गेले. तिथे पगारदार जामीन मागितला गेला. सुकलूंच्या ओळखीत पगार घेणारा एकच माणूस होता, तो म्हणजे वनरक्षक, आणि त्याच्याशी त्यांचे मोहफुलांच्या जागेवरून दोन वर्षे बोलणे बंद होते.

तेव्हा सभेचे अध्यक्ष पोचू यांनी विषय मांडला होता. "बँक आज देते अन् उद्या दारावर कागद चिकटवते. आपण देऊ. पण आपण सावकार नाई. दिलेला पैसा परत घ्यायचा नाई. पोरगी शिकन, गावात येईन, गावाले बरं करन. तेच परत."

बांबूच्या कामावर देखरेख करणाऱ्या बिरजूने विचारले होते, "अन् शिकून नाई आली त?"

"माही पोर येईन," सुकलू म्हणाले होते.

पैसा परत घ्यायचा नाही, ही अट त्या दिवशी सर्वांना फार उदार वाटली आणि ती उदारच होती. तिच्यातला दोष नंतर दिसला. पैशाचे कर्ज कितीही जाचक असले तरी त्याला एक शेवटचा हप्ता असतो. तो भरला की माणूस मोकळा होतो. येरमटोल्याने शेवटचा हप्ताच ठेवला नव्हता.

शिक्षण संपवून करिश्मा परत आली. तेंदूपत्त्याच्या गोदामातली एक खोली चुना मारून तिला दिली गेली. ग्रामसभा थोडे मानधन देई आणि सुगीनंतर घराघरांतून तांदूळ येई. खोलीत रक्तदाब मोजण्याचे यंत्र, वजनकाटा, तापमापक आणि पट्ट्यांचा डबा होता. गरोदर बायांचे वजन नोंदवणे, जखम धुणे, सिकलसेलच्या मुलांना पाणी प्यायला लावणे आणि गरज पडली की आरोग्य केंद्राची गाडी बोलावणे, एवढे तिचे काम. डॉक्टरच्या आदेशाशिवाय सलाइन लावण्याचा अधिकार तिला नव्हता आणि आदेश देणारा डॉक्टर पंचवीस किलोमीटरवर होता. शेवटच्या वर्षी तिने नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात काम केले होते. तळहाताएवढ्या बाळाच्या हाताची शीर ती पहिल्या प्रयत्नात शोधत असे. तिथली मोठी सिस्टर इतर मुलींना बघायला बोलावत असे. गावात परतल्यापासूनच्या दोन वर्षांत तिने एकाही बाळाला सुई लावली नव्हती. कधीकधी ती आपल्याच मनगटावर बोट फिरवून शीर चाचपून पाही. बोटांना अजून आठवते की नाही, याची तिला खात्री वाटेनाशी झाली होती.

चंद्रपूरच्या एका रुग्णालयाने तिला नवजात विभागासाठी निवडले होते. येत्या सोमवारी रुजू व्हायचे होते. निरोप मंगळवारी आला. बुधवारी गावाने भाताचा रोवणा थांबवून सभा ठेवली होती, कारण आणखी एक तातडीचा विषय होता. रीता उसेंडी या सतरा वर्षांच्या मुलीला नर्सिंगलाच प्रवेश मिळाला होता आणि तिची फी शुक्रवारपर्यंत भरायची होती.

करिश्माला अडवणारे तसे कोणीच नव्हते. ती सकाळच्या बसने निघाली असती तर कोणी बसपुढे आडवे पडले नसते. पण ग्रामसभेचा शब्द मोडून गेलेली मुलगी, असे तिचे नाव झाले असते आणि सुकलूंना त्याच गोलात पुढेही बसायचे होते. म्हणून ती विचारायला आली होती.

"मी दर महिन्याले पैसे पाठवीन," ती म्हणाली. "जितके दिले तितके सगळे. वर जे म्हणाल तेबी. मले जाऊ द्या."

"घ्यायचे नाई असं ठरलं आहे ना, बाई," पोचू म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "घेतले त मंग आपण आन् बँक, फरक काय राह्यला?"

"फरक हा का बँक चहा पाजत नाई," बिरजू म्हणाला. गोल हसला. हसणे ओसरल्यावर तो पुढे म्हणाला, "पण दादा, दोन वर्षं पोरीनं काही कमी केलं काय? माह्या पायातलं खुंट तिनंच काढलं. जाऊ द्या तिले. पैसे घ्या नाईतर नोका घेऊ."

बऱ्याच माना हलल्या. काही क्षण करिश्माला वाटले की हे इतके सोपे होते आणि आपण उगीच रात्रभर जागलो. पोचूंनी रिवाजाप्रमाणे गोलावर नजर फिरवली. "सगळ्यांचं हो?"

"माहं नाई."

बुधरीबाई बोलली होती. ती रीताची आजी. रीताचा धाकटा भाऊ पवन सिकलसेलचा रोगी होता. थंडीत किंवा तापात त्याच्या हातापायांत अशा कळा येत की पोरगा स्वतःची गोधडी चावत असे.

"आजी, पैसे देऊन राह्यली ना मी."

"पैशाचं मी काय करू? पवनचं दुखणं निघालं का पैशाले हाक मारू? पैसा येऊन त्याच्या पायाले शेक देईन?"

"शेक त रीताबी देते. मी शिकवलं तिले. पाणी पाजायचं, अंग गरम ठेवायचं. एवढ्यासाटी चार वर्षं शिकायचं काम नव्हतं."

"शेक कोणीबी देईन," बुधरीबाई म्हणाली. "पण हे दुखणं घरी थांबन का याले आता गाडीत टाका लागन, हे तुलेच समजते. मागच्या पुसाच्या थंडीत तू म्हणली, आता थांबू नोका, छातीत उतरलं. मले त त्याच्यात अन् आदल्या बारीत काही फरक दिसला नव्हता."

ते खरे होते. नेमके तेवढेच ती शिकून आली होती.

पोचूंनी दोनदा विचारले. बुधरीबाईने दोनदा मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर वैर नव्हते. वैर असते तर करिश्माला भांडता तरी आले असते.

"मंग ह्याचं काही ठरत नाई," पोचू म्हणाले. "आधीचं आहे ते राहीन. आता रीताचं."

रीता गोलाबाहेर, मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. तिचे केस तेल लावून घट्ट बांधलेले होते आणि अंगावर बारावीच्या निरोप समारंभासाठी घेतलेला पंजाबी ड्रेस होता. तिच्या विषयावर फार बोलणे झाले नाही. कॉलेज तसेच होते, शिष्यवृत्तीचे उत्तर तेच होते आणि खात्यात पैसे होते. करिश्माला दिले तसेच द्यायचे, पैसा परत घ्यायचा नाही, शिकून गावात यायचे. बुधरीबाईने डोळ्यांना पदर लावला. पोचूंनी नजर फिरवली.

"सगळ्यांचं हो?"

"माहं नाई," करिश्मा म्हणाली.

बोलण्याआधी तिने काही ठरवले होते असे नाही. तोंडातून शब्द गेल्यावर तिने गोलाकडे पाहिले. पहिल्यांदाच सगळे गाव तिच्या शब्दापाशी थांबले होते आणि ती जाणीव तिला अजिबात सुखाची वाटली नाही.

मागून एक बाई म्हणाली, "आपल्या बारीले ओंजळ पसरली, दुसरीच्या बारीले मूठ आवळली."

"नागपूरचं पाणी आहे, बाप्पा."

"करिश्मा," सुकलू दबल्या आवाजात म्हणाले, "काय करून राह्यली तू? लेकरू आहे ते."

"पैसे द्या," करिश्मा म्हणाली. "माहं पैशाले 'नाई' नाई. अटीले 'नाई' आहे. तिले परत येण्याशी बांधू नोका."

बिरजू आता हसत नव्हता. "अट काढली त उद्या तिसरी मागन, परवा चौथा मागन. सगळे शिकतीन अन् सगळे जातीन. आमी इथी बांबू कापू कापू शहरातले दवाखाने भरून द्यायचे काय? मंग माहंबी नाई."

"त पैसे परत घ्या. कामाले लागल्यावर देईन ती."

"अन् काम नाई भेटलं त?" पोचूंनी विचारले. "पलीकडच्या टोल्यावरचा सुरज बँकेच्या पैशानं इंजिनिअर झाला. आता चंद्रपुरात गाड्या धुऊन राह्यला. वसुलीवाला त्याच्या मायले फोन करते. उद्या रीताले काम नाई भेटलं त मी बुधरीबाईच्या घरी वसुलीले जाऊ काय? कोण जाईन सांग. तू जाशीन?"

पैसे परत घेतले तर सभा सावकार होत होती. काहीच परत घेतले नाही तर गाव रिकामे होत होते. माणूस परत घेतला तर जे चालले होते तेच होत होते. करिश्माने तिन्ही वाटा मनात पुन्हा पुन्हा तपासल्या, यंत्र बंद पडल्यावर एकेक जोड तपासतात तशा. दोष कुठल्याच एका जोडात नव्हता. नागपूरच्या कॉलेजने फी थोडी कमी ठेवली असती, शिष्यवृत्ती वेळेवर आली असती, तर या मांडवात बसलेल्या कोणालाच कोणाला बांधून ठेवण्याची वेळ आली नसती. पण कॉलेज या गोलात बसलेले नव्हते आणि शिष्यवृत्ती मंजूर करणारेही नव्हते. इथे बसलेले होते ते सगळे एकमेकांच्या उपयोगी पडू पाहणारे लोक.

वेळ गेला. कोणी तंबाखू मळली, कोणी उठून बैल पाहून आले. शेवटी बुधरीबाईच बोलली.

"मी एक सांगतो," ती म्हणाली. "रीताले जाऊ द्या शिकाले. ती शिकून आली का करिश्माले जाऊ द्या. पैसे नोका घेऊ तिचे. चार वर्षं. मंग माहं 'नाई' नाई."

मांडवात एकदम हालचाल झाली. "हे बरोबर बोलली आजी." "एक आली का एक जाईन." "गावाले नर्सबी राहीन अन् पोरी बी शिकतीन." बिरजूने पोरांना चहा ठेवायला पिटाळले. सुकलूंचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा सैल झाला. लोक खरोखर आनंदले होते. कोणालाही न दुखावता मार्ग निघाला, असे त्यांना वाटत होते. सगळ्यांनी करिश्माकडे पाहिले.

चार वर्षांनी ती सत्तावीस वर्षांची झाली असती. तोवर सहा वर्षे बाळाला सुई न लावलेल्या तिला, ताज्या शिकलेल्या मुली सोडून, नवजात विभागात कोण घेणार होते, हा एक भाग झाला. दुसरा भाग तिला जास्त बोचला. तिच्या सुटकेची तारीख रीताच्या अडकण्याची तारीख होणार होती. मग रीता कुणाची तरी वाट पाहणार, ती मुलगी आणखी कुणाची. प्रत्येकीला वाटणार की आपली पाळी आली.

ती गोलाबाहेर पाहत म्हणाली, "रीताले कोणी विचारलं काय?"

रीता खांबापासून सरळ झाली. "मले जायचं आहे, ताई," ती घाईने म्हणाली. "काहीबी अट टाका. मले सगळं चालते."

सतराव्या वर्षी माणूस बस सुटायच्या आत बसमध्ये चढण्यासाठी काहीही कबूल करतो, हे करिश्माला माहीत होते. त्या उत्तराला काही अर्थ नव्हता आणि दुसरे कुठले उत्तर येणारही नव्हते.

"दादा," ती पोचूंना म्हणाली, "रीताचे पैसे द्या. माहं हो आहे. पण आज अट घालू नोका. ती शिकून येईन, तवा अठराच्या वर राहीन, गोलात बसन. तवा तिच्यासमोर ठरवा."

"अन् तुहं? चार वर्षांचं?"

"ते तिच्याशी जोडू नोका. माहं आहे तसं राहू द्या."

पोचू विचारात पडले. ठरवायचे पुढे ढकलणे, यावर एकमत होणे सोपे असते. बिरजू म्हणाला की पुढचे पुढे पाहू, आज पोरीची जागा जायला नको. माना हलल्या. बुधरीबाई मात्र करिश्माकडे वळली.

"बेटा," ती म्हणाली, "त्या दिवशी मी म्हणीन, रीता गावातच राहीन. मी नसलो त तिचा बाप म्हणन. तिच्या तोंडून माह्यासमोर 'नाई' निघनार नाई, तुले ठाऊक आहे. तिच्याकडून 'नाई' म्हणायले इथी कोण बसलं राहीन? तू त चंद्रपुराले जातो म्हणतेस."

म्हातारीने हे कपटाने म्हटले नव्हते. तिला जे दिसले ते तिने बोलून दाखवले होते. करिश्माला मात्र ते आत्ता दिसले. आज ती रीताची अट अडवू शकली, ती गोलात बसली होती म्हणून. चार वर्षांनी ती अडवायची असेल तर तेव्हाही तिथे बसलेले असावे लागणार होते. आता तिला बांधून ठेवायला सभेच्या शब्दाची गरज उरली नव्हती. तिनेच नुकतीच एक गाठ मारली होती आणि ती दुसऱ्या कोणाला सोडवताही येणार नव्हती.

"सगळ्यांचं हो?" पोचूंनी विचारले.

तिने हो म्हटले. बुधरीबाईनेही म्हटले. चहा आला. गूळ जास्त पडला म्हणून बिरजूने पोरांना शिव्या दिल्या आणि मग दोन कप प्याला.

फोनला रेंज फक्त तलावाच्या पाळीवर मिळते. संध्याकाळी करिश्मा रीताला घेऊन तिथे गेली. कॉलेजच्या कार्यालयाला कळवायचे होते की पैसे शुक्रवारी खात्यात जमा होतील, जागा दुसऱ्याला देऊ नका. करिश्माने बोलणे केले, खात्याचा तपशील पुन्हा विचारून घेतला आणि कार्यालयातल्या माणसाकडून त्याचे नाव वदवून घेतले. हे ती नागपुरात शिकली होती. खाली भाताच्या बांधीत पाणी साचले होते आणि रोवणा अर्धाच झालेला होता.

"झालं ना, ताई?" रीताने विचारले.

"झालं."

रीताने आनंदाने तिचा हात धरला. मग थोडी थांबून म्हणाली, "मी शिकून येईन तवा तुमी सभेत राहाल ना? मले त आजीपुढं बोलताच येत नाई."

करिश्माने उत्तर देण्याआधी फोन वाजला. चंद्रपूरच्या रुग्णालयातल्या मेट्रनचा आवाज घाईत होता. "करिश्मा नरोटे ना? सोमवारी येताय की नाही तेवढं सांगा. मला ड्युटी लावायची आहे. येत नसाल तर यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावते."

रीता तिच्या चेहऱ्याकडे पाहत उभी होती. तिने अजून हात सोडला नव्हता.

"पुढच्या मुलीला बोलवा, मॅडम," करिश्मा म्हणाली.

"हॅलो? आवाज तुटतोय तुमचा. येताय म्हणालात का?"

करिश्मा पाळीवर दोन पावले वर चढली, जिथे रेंज नीट लागते, आणि तेच वाक्य तिने पुन्हा, या वेळी मोठ्याने म्हटले.